निरोपाला दोन वाटा

चंद्रमौळीराव दमले होते. आता दमणं ही काही कुंभकोणमात सांगण्यासारखी गोष्ट नव्हे. तिथला साठी ओलांडलेला प्रत्येक गृहस्थ दुपारचं जेवून उठला की दमलेला असतो आणि चारची कापी, म्हणजे कॉफी, पोटात गेली की पुन्हा नव्यानं दमायला मोकळा होतो. पण चंद्रमौळीरावांचं दमणं वरच्या प्रतीचं होतं. ते गुडघ्यांत सुरू होऊन कंबरेत मुक्काम करी आणि तिथून थेट स्वभावात उतरे. दरवर्षी मार्गळी, म्हणजे तमिळ मार्गशीर्ष महिन्यात त्याला बहर येई, आणि त्याला कारण होतं प्रत्यक्ष रुक्मिणीचं लग्न.

कुंभकोणमात आणि आसपासच्या गावांत मिळून मराठी बोलणारी विठ्ठलभक्त घरं असतील चाळीसेक. उंबऱ्याबाहेर तमिळ, उंबऱ्याच्या आत मराठी, आणि तीही अशी की पुण्याचा पाहुणा ऐकताना आधी गालात हसतो आणि मग आपल्या आजीच्या आठवणीनं गप्प होतो. ही घरं दर मार्गळीत भजनमठात विठ्ठल-रुक्मिणीचं लग्न लावतात. निम्मी घरं वराकडची, निम्मी वधूकडची. ही वाटणी कुठल्या पूर्वजानं केली ते कुणालाच ठाऊक नाही, पण ती बदलायची गोष्ट काढली तर विठ्ठल स्वतः विटेवरून उतरून भांडायला येईल.

आणि लग्न म्हटलं की बोलावणं घरी जाऊन, तोंडानं करायचं. फोनवर नाही. मोबाइलच्या ग्रुपवर तर नाहीच नाही. देवाचं लग्न, आणि बोलावणं अंगठ्यानं?

एका वर्षी पावसानं रस्ते बंद होते म्हणून चंद्रमौळीरावांनी आपल्या थोरल्या बहिणीला, नाचियार्कोविलच्या गंगाबाईंना, फोनवर बोलावलं. गंगाबाई आल्या. रेशमी लुगडं नेसून, बस बदलून आल्या, आणि भजन सुरू झालं तरी मठाच्या दाराबाहेर उभ्याच राहिल्या. कुणीतरी म्हणालं, "अक्का, आत या की." त्या म्हणाल्या, "बोलावतील तेव्हां येईन." शेवटी चंद्रमौळीराव झांजा खाली ठेवून कुंकवाचा करंडा घेऊन दारापर्यंत गेले आणि बहिणीला रीतसर बोलावलं. तेव्हा कुठे गंगाबाई आत आल्या, आणि बसण्याआधी त्यांनी पायसात वेलची घातली आहे की नाही याची चौकशी केली.

बोलावण्याचं हे काम चंद्रमौळीरावांकडे वडिलांकडून आलं होतं. थोरले बंधू पांडुरंगराव यांना वडिलांचं पितळी भांड्यांचं दुकान मिळालं, धाकट्याला बोलावणं मिळालं. आपल्या वाट्याला कमी आलं याबद्दल दोघांचंही एकमत होतं. तेवढं एकच.

चाळीस घरांना बोलावणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळणार नाही. घरात शिरलं की पाट, पाट आला की पितळी पेल्यात कापी. नको म्हणणं म्हणजे घराचा अपमान. साखर चालत नाही म्हटलं तर गृहिणी मोठ्या समजूतदारपणे गूळ घालून आणते. तिरुवलंचुळीला पोचेपर्यंत चंद्रमौळीरावांच्या कानशिलांत मृदंग वाजू लागे. स्वामीमलैला विष्णुवर्धन राहायचा, पंचधातूच्या मूर्ती ओतणाऱ्या कारखान्यात हिशेब लिहायचा. त्याच्या जिन्याला कठडा नव्हता, आणि त्याची बायको कापी देताना हमखास म्हणे, "मामा, यंदा फार वाळलांत." हे वाक्य ती दरवर्षी म्हणे. त्या हिशेबानं मामा एव्हाना नाहीसे व्हायला हवे होते.

पण या सगळ्या फेरीत खरं अवघड घर एकच होतं, आणि ते त्यांच्या स्वतःच्या घरापासून दोन गल्ल्यांवर होतं. थोरल्या भावाचं.

त्याचं असं झालं होतं. पांडुरंगराव वधूकडचे, चंद्रमौळीराव वराकडचे. वराकडच्यांनी लग्नात खुसपटं काढायची ही जुनी रीत. कुणी हाराला नावं ठेवायची, कुणी नादस्वराला. फार वर्षांपूर्वी चंद्रमौळीराव त्या भरात भर मांडवात ओरडले, "वधूकडची कापी म्हणजे कावेरीचं पाणी! तेंही उन्हाळ्यांतलं!" मांडव हसला. पण ती कापी पंकजावहिनींनी केली होती, आणि पांडुरंगराव हसले नाहीत. त्या दिवसापासून दोघा भावांचं बोलणं बंद.

फक्त बोलावण्याच्या दिवशी धाकट्याला जावंच लागे. ते जात. पांडुरंगराव ओट्यावर पेपर धरून बसलेले असत. चंद्रमौळीराव म्हणत, "उद्यां रुक्मिणीचं लग्न. घरच्या सर्वांनी यावं." पेपरामागून आवाज येई, "येतों." मग पंकजावहिनी कापी आणत. अशी दाट, की पेला उपडा केला असता तरी विचार करून पडली असती. चंद्रमौळीराव ती शेवटच्या थेंबापर्यंत पीत, पेला खाली ठेवत आणि निघत. वर्षभरात दोघे भाऊ एकमेकांच्या समोर बसत ते तेवढा वेळ. लग्नात भाऊ दिसे, पण मांडवाच्या पलीकडच्या बाजूला.

चंद्रमौळीराव नोकरीत होते तोवर हे निभावलं. एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात ते गणित शिकवत. आयुष्यात त्यांनी एकच प्रबंध लिहिला होता. तो परीक्षकांनी वाचला आणि पत्नी सरस्वतीबाईंनी पुसला, म्हणजे धूळ. विषय असा: गावंच गावं आहेत, त्यांच्यामध्ये रस्तेच रस्ते आहेत. सगळे रस्ते सांभाळणं परवडत नाही. तर त्यांतले मोजके रस्ते असे निवडायचे, की बाकीचे मोडीत काढले तरी कुठूनही कुठे जायला फारसा फेरा पडू नये. आणि निवडलेल्यांतलाच एखादा रस्ता अचानक खचला तरीसुद्धा पडू नये. या विषयानं त्यांना डॉक्टर केलं. त्यानंतर तो विषय कपाटात गेला आणि ते वर्गात गेले.

निवृत्त झाल्यावर गुडघ्यांनी असहकार पुकारला, तेव्हा एका दुपारी झोपाळ्यावर बसल्या बसल्या त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. घरं म्हणजे गावं. बोलाचाली म्हणजे रस्ते. आपणच सगळीकडे कशाला जायचं? एका घरानं दुसऱ्याला बोलवावं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. तोंडानं, घरी जाऊन, अगदी रीतीप्रमाणे. मठात चर्चा झाली, गंगाबाईंनी परवानगी दिली, आणि गेल्या वर्षी पहिला प्रयोग झाला.

त्या प्रयोगात चंद्रमौळीरावांनी कमालीची काटकसर केली. एक घर एकालाच सांगणार, ते पुढच्याला, अशी सरळ माळ. कमीत कमी कापी. आणि ऐन वेळी विष्णुवर्धनचं आणि तिरुवलंचुळीच्या घराचं वाजलं. देवावर धरायच्या छत्रीचा दांडा कुणी धरायचा यावरून. माळ तिथं तुटली. पलीकडच्या एकाही घराला बोलावणं गेलं नाही. लग्नात वराकडची बाजू इतकी विरळ दिसत होती, की वधूकडची एक म्हातारी म्हणाली, "मुलगा पळून आलेला दिसतो."

या वर्षी चंद्रमौळीरावांनी कपाटातून प्रबंध काढला.

मोठा कागद जमिनीवर पसरून त्यांनी घराघरांचे ठिपके मांडले. सरस्वतीबाई भाजी निवडत शेजारी बसल्या होत्या.

"कोलम घालतां की काय?" त्यांनी विचारलं. दारापुढच्या ठिपक्यांच्या रांगोळीला तिथं कोलम म्हणतात.

"कोलम नव्हे. जाळं."

"ठिपके तर वाकडेच पडलेत."

"घरं वाकडी आहेत त्याला मी काय करूं? हें बघ. सर्वांत जवळच्या दोन घरांपासून सुरुवात करायची. मनांत धरायचं, यांच्यामधली रेघ नाही. शिवाय कुठेंतरी एक भांडण झालंय. तरी निरोप दुसऱ्या वाटेनं जातो का? आणि सरळ वाटेच्या तिपटीहून जास्त फेरा न पडतां जातो का? जात असेल तर रेघ ओढायचीच नाही. जात नसेल तर ओढायची. मग त्याहून लांबची जोडी घ्यायची."

"तिप्पट कां?"

"दुप्पट धरलं तर रेघा फार होतात. रेघा झाल्या की कापी होते."

सरस्वतीबाईंनी एक शेंग मोडली. "आणि दोन भांडणं झालीं तर?"

"एका वेळीं एकच धरलंय."

"आपल्या लोकांत?"

चंद्रमौळीरावांनी या प्रश्नाकडे विद्वानानं करावं तसं दुर्लक्ष केलं. अगदी सुरुवातीच्या जवळच्या जोड्यांत त्यांचं स्वतःचं घर आणि पांडुरंगरावांचं ही एक जोडी होती. तिथं रेघ ओढायला हवी होती. ती त्यांनी ओढली. मग दुपारभर ते कागदाभोवती गुडघ्यांवर रांगत फिरले. नाचियार्कोविलला दोन वाटांनी निरोप पोचला, स्वामीमलैला दोन वाटांनी पोचला, आणि कुणाही घराला दोन-तीन पेल्यांवर कापी प्यावी लागणार नव्हती. काम झालं. त्यांनी भिंतीला धरून उठायचा प्रयत्न केला, उठता आलं नाही, आणि तसेच खाली बसून भावाच्या घराकडे जाणाऱ्या त्या रेघेकडे बघत राहिले.

दोन गल्ल्या. ओट्याच्या त्या उंच पायऱ्या. पेपर. "येतों." दाट कापी. पुन्हा पायऱ्या.

त्यांनी खोडरबर घेतलं.

"ती कां पुसलीत?" सरस्वतीबाईंची नजर भाजीवर होती असं ते समजत होते.

"तिथं भांडण आहेच. जाळ्याला एक भांडण चालतं. सिद्ध केलेलं आहे. अण्णाकडे प्रवीणकुमारच्या घरून बोलावणं जाईल. तो त्यांच्या मागच्या गल्लींतच राहतो, मोबाइलचं दुकान आहे, पाय तरणे आहेत."

"एक भांडण चालतं तें सगळ्यांसाठीं होतं ना? तें तुम्हींच घेतलंत. बाकीच्यांनी काय करावं?"

हीच चूक परीक्षेत करणाऱ्या मुलांना चंद्रमौळीरावांनी जन्मभर शून्य दिलं होतं. "मी दमलों गं," ते म्हणाले. गणितात हे उत्तर धरत नाहीत. सरस्वतीबाईंनी मात्र धरलं. त्यांनी हात देऊन त्यांना उभं केलं.

बोलावण्याचा दिवस आला. सकाळी चंद्रमौळीराव समोरच्या घरी आणि कोपऱ्यावरच्या घरी जाऊन आले, दोन पेले कापी प्यायले, आणि घरी येऊन झोपाळ्यावर बसले. बास. गेलं वर्ष सोडलं तर इतक्या वर्षांत या दिवशी या वेळी ते कधी बसले नव्हते. झोपाळा करकरत होता. दूरवर कुठल्यातरी देवळात मार्गळीचं गाणं लागलं होतं. त्यांना आनंद व्हायला हवा होता, म्हणून ते बराच वेळ त्याची वाट बघत बसले.

"बरं वाटतंय ना?" सरस्वतीबाईंनी विचारलं.

"फार."

"मग पाय कां हलवतां?"

दुपारपर्यंत बातम्या येऊ लागल्या. स्वामीमलैला पोचलं. तिरुवलंचुळीला पोचलं, विष्णुवर्धनकडून नव्हे, दुसऱ्या वाटेनं, कारण छत्रीचं भांडण अजून ताजं होतं. ते ऐकून चंद्रमौळीरावांची मान ताठ झाली. बघा! एक रेघ तुटली, तरी फेरा पडला तो तिपटीच्या आत. परीक्षकांपैकी कुणी हयात असता तर त्यांनी त्याला फोन केला असता. अभिमानानं ते सरस्वतीबाईंना म्हणाले, "एक भांडण झालं, पण जाळं टिकलं."

"एक नव्हे," सरस्वतीबाई म्हणाल्या, "तुमचं धरून दोन."

आणि तेवढ्यात फोन वाजला. गंगाबाई. बोलावणं फोनवर चालत नाही, तक्रार चालते.

"मौळी! अण्णाकडे बोलावणं गेलं नाहीं अजून."

"गेलंय अक्का. प्रवीणकुमार..."

"प्रवीणकुमारचं नांव काढूं नको. काल सकाळीं त्यानं स्कूटर घातली पंकजाच्या कोलमवर. केवढं मोठं घातलं होतं तिनं, मधें भोपळ्याचं फूल खोंवून. फुलावरूनच चाक! पंकजा बोलली, मग तो बोलला, मग त्याची आई गच्चीवरून बोलली. आतां तो त्या घरीं पाय ठेवणार नाहीं म्हणतो."

"मग त्यानं मला सांगायचं नाहीं?"

"तुझ्या कागदावर कुठें लिहिलं होतं, भांडलास तर कळव म्हणून?"

चंद्रमौळीरावांनी कागद पुढे ओढला. कागदावर पांडुरंगरावांच्या ठिपक्याला दोन रेघा होत्या. एक स्कूटरखाली गेली होती. दुसरी त्यांनी खोडरबरानं घालवली होती. चाळीस घरांच्या त्या जाळ्यात आता एकच ठिपका असा उरला होता, की त्याला कुठूनही वाट नव्हती. आणि तो भावाचा होता.

"ऐकतोस ना?" गंगाबाईंचा आवाज जरा खाली आला. "माझ्याच रक्ताचा आहे तो. बोलावल्याशिवाय यायचा नाहीं. उद्यां कन्यादानाला वधूकडचा वडील म्हणून त्यानंच बसायचंय. आणि पंकजा म्हणत होती, सकाळपासून ओट्यावर पेपर घेऊन बसलाय. कालचा पेपर आहे."

चंद्रमौळीरावांनी फोन ठेवला. सरस्वतीबाईंनी आधीच चपला दाराशी आणून ठेवल्या होत्या.

"मी येऊं?"

"नको. ही एक रेघ माझीच."

दोन गल्ल्या. पण काही वाटा अंतरावरून मोजत नाहीत. तांब्या-पितळेच्या दुकानांसमोरून, विड्याच्या पानांच्या पाट्यांना वळसा घालून, एका गायीनं अडवल्यामुळे थोडं थांबून, चंद्रमौळीराव चालले. चालताना त्यांनी मनात बऱ्याच सबबी जुळवल्या. त्यांतल्या दोन तर प्रमेयाच्या रूपात होत्या. ओट्यासमोर आल्यावर सगळ्या विसरल्या. कोलमावर स्कूटरच्या चाकाची रेघ अजून तशीच होती, पंकजावहिनींनी मुद्दाम पुसली नव्हती.

पांडुरंगराव पेपर धरून बसले होते. पेपराच्या वरून त्यांचं टक्कल तेवढं दिसत होतं. चंद्रमौळीराव पायऱ्या चढले, एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत. वर येऊन धापा टाकत खांबाला टेकून बसले.

"उशीर झाला," पेपरामागून आवाज आला.

चंद्रमौळीराव दचकले. 'येतों' सोडून दुसरा शब्द त्यांनी या पेपरामागून कैक वर्षांत ऐकला नव्हता.

"गुडघे," ते म्हणाले.

"माझेही."

आतून भांड्यांचा आवाज झाला. पंकजावहिनी दोन पेले घेऊन आल्या. दरवर्षी एकच येई. त्यांच्या चेहऱ्यावर कालपासूनचा राग होता. त्यातला किती प्रवीणकुमारचा आणि किती आपला, ते चंद्रमौळीरावांना ठरवता येईना. त्यांनी पेला उचलला, घोट घेतला आणि जीभ आवरली.

कापी पाण्यासारखी होती. निव्वळ पाणी. उन्हाळ्यातल्या कावेरीत यापेक्षा दम असतो.

त्यांनी डोळे मिटून दुसरा घोट घेतला. मांडवात ओरडणारं तोंड हेच होतं, आज ते शिवल्यासारखं बंद राहिलं. तोवर पांडुरंगरावांनी पेपर खाली ठेवून आपल्या पेल्यातून घोट घेतला. त्यांचा चेहरा हळूहळू वाकडा झाला.

"पंकजा, हें काय आहे?"

"कापी."

"ही?"

"सकाळपासून तुमच्या भावासाठीं दूध तापवतेय मी," पंकजावहिनी कडाडल्या. "एकदां तापवलं, गार झालं. दुसऱ्यांदा तापवलं, उतूं गेलं. तिसऱ्यांदा उरलं त्यांत पाणी घातलं. वेळेवर आले असते तर मिळाली असती धड कापी! मी काय गाय आहे?"

पांडुरंगरावांनी पेल्यात पाहिलं. मग धाकट्या भावाकडे पाहिलं. धाकटा भाऊ खांबाकडे पाहत होता आणि त्याचे खांदे हलत होते.

"म्हण," पांडुरंगराव म्हणाले.

"मी काहीं म्हणत नाहीं, अण्णा."

"म्हण म्हणतों ना. आज म्हण."

"नाहीं. आज वराकडून आलों नाहीं मी."

पांडुरंगराव आधी नाकातून हसले, मग घशातून, मग खोकला आला. पंकजावहिनींनी दोघांकडे पाहून कपाळाला हात लावला आणि त्या आत गेल्या. मग पांडुरंगरावांनी विचारलं, हें जाळं काय आहे, सगळे बोलतात. चंद्रमौळीरावांनी ओट्यावरच्या धुळीत बोटानं ठिपके काढून दाखवले. थोरल्यांनी मान तिरपी करून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एवढं शिकलास, आणि माझीच रेघ पुसलीस?"

"दमलों होतों."

"हं." पेपराची घडी घालत पांडुरंगराव म्हणाले, "तूं येतोस म्हणून मी त्या दिवशीं पेपर वाचत नाहीं. नुसता धरून बसतों."

चंद्रमौळीराव खांबाला धरून उठले. पायऱ्या उतरले, चाकानं मोडलेल्या कोलमाला वळसा घातला आणि निघाले. संध्याकाळचे दिवे लागत होते. पाय तसेच दुखत होते, पण आता निदान कशासाठी दुखतात ते माहीत होतं. गल्लीच्या तोंडाशी त्या गायीनं त्यांना पुन्हा अडवलं. ती बाजूला होण्याची वाट बघत ते उभे होते आणि एकदम त्यांनी कपाळावर हात मारला.

बोलावणं करायचं राहिलं होतं.

ते मागे वळले. पांडुरंगराव ओट्याच्या कडेशी उभे होते, हात मागे बांधून, बसलेसुद्धा नव्हते.

"मला वाटलंच," ते म्हणाले.

चंद्रमौळीराव पुन्हा एकेक पायरी चढले. वर येऊन त्यांनी श्वास घेतला. "अण्णा, उद्यां रुक्मिणीचं लग्न. घरच्या सर्वांनी यावं."

"येतों," पांडुरंगराव म्हणाले, आणि खांबाजवळची जागा हातानं झाडून दिली.

आतून पंकजावहिनींचा सुस्कारा ऐकू आला आणि पाठोपाठ स्टोव्ह पेटल्याचा आवाज. बोलावणं झालं म्हणजे कापी आलीच. चंद्रमौळीराव बसले.